चहाची चोरी


हातात चहाचा कप असेल, तर घोट घेत घेत ऐका.

चहा बनवण्याची विद्या चीननं शतकानुशतकं जपून ठेवली होती.
इंग्रजांना चहा हवा होता.
चीनवर अवलंबून राहणं मात्र नको होतं.

मग 1848 साली ईस्ट इंडिया कंपनीनं रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञाला चीनला धाडलं.
त्यानं डोकं भादरलं, मागे लांब वेणी सोडली, चिनी पेहराव चढवला.
आणि परक्यांना मज्जाव असलेल्या मुलखात तो शिरला.

त्याला आधीच ठाऊक होतं, हिरवा आणि काळा चहा एकाच झाडाचा.
फरक फक्त प्रक्रियेचा.

तिथल्या एका कारखान्यात त्याला कामगारांची बोटं निळी दिसली.
परदेशी जाणारा चहा हिरवागार दिसावा, म्हणून त्यात रंग मिसळत होते!

काचेच्या बंद पेट्यांतून रोपं भारतात आली.
पण नुसत्या रोपांनी चहा बनत नाही.
म्हणून फॉर्च्यूननं चिनी कारागीरही आणले.

आजही देशादेशांत चिपच्या, इंजिनांच्या तंत्रज्ञानासाठी अशीच चढाओढ आहे.
आणि आजही कंपन्या कागदपत्रांइतकंच जाणत्या माणसांना जपतात.
कारण, श्रोतेहो, रोप पळवता येतं.
कसब मात्र माणसाबरोबरच येतं.