काच कशी फुटावी?

इसवी सन १९१७ च्या ६ डिसेंबरला सकाळीं कॅनडांतील हॅलिफॅक्स बंदरांत दारूगोळ्यानें भरलेल्या ‘माँ ब्लाँ’ या फ्रेंच जहाजाची दुसऱ्या एका जहाजाशीं टक्कर होऊन त्यास आग लागली. धुराचे लोट पाहण्यासाठीं घराघरांतून माणसें खिडक्यांपाशीं उभीं राहिलीं. सुमारें वीस मिनिटांनीं जहाजाचा स्फोट झाला आणि ज्या काचांतून तीं पाहत होतीं त्याच काचांचे तुकडे त्यांच्या चेहऱ्यांवर आले. डोळ्यांना इजा झाल्याच्या ५,९०० हून अधिक नोंदी झाल्या. ४१ जणांची दृष्टि कायमची गेली. मुंबईलाहि हा प्रकार परका नाहीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज उडालें, तेव्हां १२ किलोमीटर अंतरावरचीं तावदानेंहि फुटलीं.

असे स्फोट विरळा. परंतु गच्चीच्या सरकत्या काचेच्या दारावर धांवत येऊन आदळणारें मूल, किंवा ओल्या फरशीवर पाय घसरून न्हाणीघरांतील काचेच्या आडोशावर पडणारा वृद्ध मनुष्य, हीं कांहीं विरळा दृश्यें नव्हत. साध्या काचेचे तुकडे लांबट आणि सुरीसारख्या धारेचे होतात. मनगटाची किंवा मांडीची रक्तवाहिनी कापण्यास असा एकच तुकडा पुरतो. नवें घर सजवितांना गृहस्थ विचारतो, ‘ही काच फुटणार नाहीं ना?’ आणि दुकानदार ‘मुळींच नाहीं’ म्हणून मोकळा होतो. वास्तविक विचारावयाचें तें निराळेंच. काच आज ना उद्यां फुटावयाचीच. ती फुटेल तेव्हां कशी फुटेल, हें मात्र आधीं ठरवितां येतें.

काच दाबाला मोठी खंबीर, पण ताणाला दुबळी. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य चिरा असतात. ती वांकली कीं ताण पडलेल्या बाजूची एखादी चीर उघडते आणि क्षणार्धांत आरपार जाते. म्हणून पृष्ठभागच आधींपासून दाबांत ठेवण्याची युक्ति निघाली. काच सुमारें ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तिच्या दोन्ही अंगांवर एकदम थंड हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधीं घट्ट होतो. आंतला मागाहून निवतो व आकसतांना बाहेरच्या थराला दाबांत धरून ठेवतो. ही टफन्ड काच. साध्या काचेहून ती चार ते पांच पट बळकट असते खरी, पण तिचा मोठा गुण बळ हा नव्हे. ती फुटते तेव्हां आंत कोंडलेला ताण मोकळा होऊन सबंध तावदानाचे खडीसाखरेएवढे बोथट खडे होतात. खरचटतें, शीर सहसा तुटत नाहीं.

या युक्तीचें मूळ एका करमणुकीच्या वस्तूंत आहे. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यांत टाकला कीं त्याला शेपूट फुटतें. त्या थेंबाच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो टिकतो, आणि शेपटीचें टोंक मोडतांच सगळ्याचा भुगा होतो. ‘रूपर्टचे थेंब’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या चमत्काराची १६६१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटींत परीक्षा झाली. व्यवहारांत उतरण्यास त्याला आणखी दोन शतकें लागलीं. १८७४ मध्यें फ्रान्समधील द ला बास्ती यांनीं तापलेली काच तेलांत बुडवून कठीण करण्याचें पेटंट घेतलें.

टफन्ड काचेंत एक उणीव आहे. फुटल्यावर चौकटींत कांहींच उरत नाहीं. तळमजल्यावरील दाराला तें चालेल, दहाव्या मजल्यावरील कठड्याला कसें चालावें? तेथें लॅमिनेटेड काच हवी. तिच्या शोधाची कथा पुष्कळांच्या कानांवर असेल. १९०३ मध्यें एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून एक चंबू खालीं पडला. त्याला तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहींत. आंत सेल्युलोज नायट्रेटचें द्रावण वाळून त्याचा पातळ पापुद्रा बनला होता, त्यानें ते धरून ठेवले. १९०९ सालीं त्यांनीं दोन काचांमध्यें असा पापुद्रा घालण्याचें पेटंट घेतलें. हा पहिला पापुद्रा कालांतरानें पिवळा पडे. पुढें १९३० नंतर पॉलिव्हिनिल ब्युटिराल या प्लास्टिकचा थर आला आणि तोच आजहि बहुतेक ठिकाणीं वापरतात. मोटारीच्या पुढच्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जाऊनहि ती जागीं राहते, ती याच पापुद्र्यामुळें.

तारेची जाळी घातलेल्या काचेविषयीं मात्र मोठा गैरसमज आहे. जुन्या शाळांतून व जिन्यांतून ती दिसते आणि मजबूत वाटते. ती आगीसाठीं आहे; तापून तडकली तरी तार तिला कांहीं वेळ जागीं धरते व ज्वाळांना वाट मिळत नाहीं. धक्का सोसण्यांत ती साध्या काचेहूनहि कमी. मुलाचा हात तींतून आरपार गेला तर हात मागें ओढतांना तुटलेली तार आणि काच दोन्ही मांसांत रुततात.

काचेची जात योग्य असली तरी बसविण्यांत चूक होऊं शकते, हें बोस्टन शहरानें पाहिलें. तेथील जॉन हॅनकॉक मनोऱ्याचीं दुहेरी तावदानें १९७३ च्या जानेवारींतील वादळांत निखळून रस्त्यावर पडूं लागलीं. दोन काचांच्या कडा जोडणारा शिशाचा सांधा इतका ताठ होता कीं, वाऱ्यानें आणि उन्हानें होणारी हालचाल त्याला सोसेना; ताण काचेंत शिरला. कित्येक महिने त्या झगमगीत इमारतीला ठिकठिकाणीं प्लायवुडचीं ठिगळें होतीं. अखेर १०,३४४ तावदानें काढून टफन्ड काच बसवावी लागली. टफन्ड काचेलाहि एक गुप्त रोग असतो. निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण तींत राहून गेला तर तो वर्षांनुवर्षें हळूहळू फुगतो आणि कोणी हात न लावतां काच फुटते. मेलबर्न येथें १९५८ सालीं पुऱ्या झालेल्या आय.सी.आय. हाउसचीं तावदानें फुटूं लागल्यावर या रोगाचें निदान झालें. उंच इमारतींची काच म्हणून कारखान्यांतच पुन्हां कांहीं तास तापवून पाहतात. दुबळी असेल ती तेथेंच फुटते.

धोक्याची जागा ओळखणें हें त्याहून सोपें काम. ब्रिटनमधील नियम मोजक्या मापांत सांगतात: दारांतील काच जमिनीपासून १५०० मिलिमीटर उंचीपर्यंत, दाराच्या दोन्ही बाजूंस ३०० मिलिमीटर रुंदीच्या आंत येणारी काचहि तितक्याच उंचीपर्यंत, आणि इतरत्र ८०० मिलिमीटरच्या खालची काच सुरक्षित जातीची असावी. मोठ्या पारदर्शक भिंतीवर डोळ्यांच्या पातळीला ठिपके किंवा पट्टे असावेत. मोकळी वाट समजून माणसें तिच्यावर चालून जातात. भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. २५५३ मध्यें सुरक्षित काचेच्या कसोट्या आहेत, आणि आय.एस. १६२३१ च्या चौथ्या भागांत माणूस काचेवर आदळण्याचाच विचार केला आहे. जुन्या घरांतील काच बदलणें शक्य नसेल तर तिच्यावर चिकटविण्याची जाड पारदर्शक फिल्म मिळते. काच फुटलीच तर ती तुकडे धरून ठेवते. महायुद्धांत लंडनच्या लोकांनीं चिकटविलेल्या कागदी पट्ट्यांनीं तें फारसें साधलें नव्हतें.

टफन्ड काचेच्या कोपऱ्यावर सहसा छाप असतो. शिवाय पोलराइज्ड चष्म्यांतून तिच्याकडे आकाशाच्या उजेडांत पाहिलें तर थंड हवेच्या झोतांचे काळसर ठिपके उमटलेले दिसतात. दुसरी खूणहि तितकीच भरंवशाची आहे. ती काच कारखान्यांतून आल्यावर कापतां येत नाहीं, कीं तीस भोंकहि पाडतां येत नाहीं. मापें आधींच द्यावीं लागतात. कारागीर घरीं येऊन ‘कडेची थोडी कापून बसवितों’ म्हणाला आणि ती खरोखरच कापली गेली, तर ती टफन्ड काच नव्हे.