थंडीतला गिझर आणि वीजबिल

नाशिक, निफाडकडे पारा उतरला की घरोघरी गिझर सुरू होतात आणि पुढच्या महिन्यात वीजबिल फुगून येतं. 20 लिटरची बादली 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला सुमारे अर्धा युनिट वीज लागते. चौघांच्या आंघोळीला रोज दोन युनिट, म्हणजे महिन्याला 60! महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांपुढचा टप्पा बराच महाग आहे, आणि अनेक घरं त्या टप्प्यात जातात ती याच 60 युनिटांमुळे.

खरी उधळपट्टी होते ती गिझर दिवसभर चालू ठेवल्याने. टाकीतलं पाणी निवत राहतं आणि थर्मोस्टॅट ते पुन्हा पुन्हा तापवतो. 15 लिटरचा, 2000 वॅटचा गिझर गार पाणी साधारण 20 मिनिटांत तापवतो. तेव्हा आंघोळीआधी तेवढाच वेळ बटण लावा, दिवा विझला की बंद करा, आणि सगळ्यांनी एकापाठोपाठ आंघोळी उरकून घ्या. एवढं केलं तरी फरक दिसतो.

बोअरवेलच्या पाण्याने कॉईलवर क्षाराचा पांढरा, टणक थर चढतो आणि कॉईल लवकर जळते. थंडीआधी ती साफ करून घ्या. स्वतःची गच्ची असेल, तर सौर बंबाचा विचार जरूर करा.

आणि बादलीत रॉड लावत असाल, तर प्लग काढल्याशिवाय पाणी तापलं का हे बोट बुडवून कधीही पाहू नका. लहान मुलांना तर त्या बादलीजवळ फिरकूही देऊ नका.