मनातल्या विचाराची उलटतपासणी

1960 च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक नैराश्याच्या रुग्णांची स्वप्नं तपासत होते. स्वतःवरच उलटलेला राग त्यांत दिसेल, असं तेव्हाचं मनोविश्लेषण सांगे. बेकना दिसलं ते वेगळंच: हरणं, गमावणं, नाकारलं जाणं. जागेपणीही रुग्णांच्या मनात असेच विचार झरझर येऊन जात. त्यातून बोधात्मक उपचारपद्धती उभी राहिली.

ती चालते कशी? समजा, मैत्रिणीने फोन उचलला नाही. लगेच मन म्हणतं, ‘मी कुणालाच नकोय.’ उपचारक ‘छे, असं काही नसतं’ म्हणत नाही. (ते काम नातेवाईक करतातच, फुकट.) तो वही काढायला लावतो. प्रसंग काय, विचार कोणता, त्यावर विश्वास किती टक्के? पुरावा काय? विरुद्ध पुरावा? मग लक्षात येतं, परवा तिनेच आपणहून फोन केला होता. नव्वद टक्के विश्वास चाळिसावर येतो. शून्यावर नाही, आणि तशी अपेक्षाही नसते.

चिंतेच्या विकारात नुसती वही पुरत नाही. ज्याची भीती वाटते, ते थोडंथोडं करून पाहावं लागतं. आजार तीव्र असेल तर औषधंही लागतात. त्यात कमीपणा कसला?

बेकच्या आधीच अल्बर्ट एलिस यांनी न्यूयॉर्कमध्ये जवळचीच वाट धरली होती. त्यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत रुजवली ती कि. मो. फडके यांनी.

मदत हवी असल्यास ‘टेलिमानस’ या मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. मराठीतही बोलता येतं.