चढाची तालीम

शर्यतीचें मैदान सपाट असतें; मग धावपटूनें डोंगर कां तुडवावे, असें श्रोते विचारतील. याचें उत्तर न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरच्या आर्थर लिडियर्ड या गृहस्थांनीं दिलें. जोड्यांच्या कारखान्यांत नोकरी करीत असतांना त्यांनीं मोठमोठीं अंतरें प्रथम स्वतः धावून पाहिलीं आणि मगच शिष्यांना त्या वाटेवर नेलें.

शहराच्या पश्चिमेस वायटाकेरे नांवाची डोंगररांग आहे. तींतील वायाटारुआवरून जाणारा २२ मैलांचा फेरा हे शिष्य रविवारीं धावत. आठवड्याची मजल सुमारें १०० मैल भरे. केवळ अर्ध्या मैलाच्या शर्यतीचा गडी पीटर स्नेल, पण त्यालाही यांतून सूट नव्हती.

चढावर देहाचा भार उचलावा लागतो, म्हणून पोटऱ्या व मांड्या बळावतात. दीर्घकाळ धावल्यानें हृदयाची शक्ति वाढते. उतार मात्र फसवा! तेथें मांडीचे स्नायू लगामाचें काम करतात आणि दुसऱ्या दिवशीं तेच ठणकतात. म्हणून श्रम करावे, पण शरीराची ओढाताण करूं नये, हा लिडियर्ड यांचा दंडक होता.

२ सप्टेंबर १९६० रोजीं रोमच्या ऑलिंपिकमध्यें स्नेलनें ८०० मीटर्सची शर्यत जिंकली. त्याच दिवशीं मरे हॅलबर्ग ५००० मीटर्स धावला. रग्बीच्या दुखापतीनें त्याचा डावा हात अधू झालेला. तीन फेऱ्या उरल्या असतां तो सर्वांना मागें टाकून निघाला, शेवटपर्यंत पुढेंच राहिला आणि शर्यत जिंकून मैदानावर कोसळला. त्या तीन फेऱ्यांची शिदोरी डोंगरांत बांधली गेली होती.