कर्नाळ्याला जायचे कसे?



कर्नाळा कुठे आहे, हे पनवेलकराला कुणी सांगावे लागत नाही. गोवा रस्त्याला लागले की अंगठ्यासारखा सुळका आपणच दिसतो. संगणकाला मात्र तो सापडता सापडत नसे. वेबपानावर लिहिलेले असायचे ‘कर्नाळ्याला’, ‘कर्नाळ्याहून’, ‘कर्नाळ्यातले पक्षी’, आणि आपण शोधायचो ‘कर्नाळा’. अक्षराला अक्षर जुळले नाही की यंत्र हात वर करून मोकळे.

हा घोळ सोडवायला २००६च्या सुमारास पवईच्या आयआयटीत प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. पैसा केंद्र सरकारचा. सोबतीला पुण्याचे सी-डॅक, खरगपूरची आयआयटी, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था अशा अनेक संस्था. त्यातून उभे राहिलेले शोधयंत्र म्हणजे ‘संधान’. मराठी, हिंदी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू या भाषांसाठी ते खुले झाले.

पाया त्यांनी शून्यातून घातला नाही. डग कटिंग आणि माइक कॅफरेला या अमेरिकन जोडीने २००२ साली ‘नच’ नावाचे शोधयंत्र सुरू केले होते. त्याचा आतला कारभार कुणालाही पाहता, बदलता येई. बड्या कंपन्या आपली विद्या तिजोरीत ठेवत असताना हे मोठेच औदार्य! संधानने तेच घेतले आणि त्याला आपले व्याकरण शिकवले. शाळेत ज्याचा आपल्याला कंटाळा यायचा, ते सामान्यरूप इथे कामी आले. ‘कर्नाळ्याला’मधला ‘ला’ काढायचा, ‘ळ्या’चा पुन्हा ‘ळा’ करायचा, की मूळ नाव हाती येते.

दुसरी अडचण फॉन्टची. युनिकोड ही अक्षरे साठवण्याची सामाईक पद्धत रुळण्यापूर्वी ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठवलेली असत भलतीच चिन्हे. आधी ती उलगडून घ्यायची, मगच शोध.

संधानने विषय घेतला तो फक्त पर्यटनाचा. हे मला शहाणपणाचे वाटते. ‘पुण्याचा मार्ग’ म्हटल्यावर शहराचा की पुण्यकर्माचा? सामान्यरूप दोन्हींचे एकच. प्रवाशाने विचारले असेल, तर यंत्राला फार डोके खाजवावे लागत नाही.

पण लोकांना काही रोज सहलीला जायचे नसते. सातबारा कसा काढायचा, भाताला खत कोणते घालायचे, हे विचारणाऱ्याला संधानकडे उत्तर नव्हते. आणि एव्हाना हातोहाती आलेल्या फोनमध्ये गुगल आधीच बसवलेले होते.