छपराखालचं प्लायवुड
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सेक्रेटरींनी मला सोसायटीच्या जुन्या आठवणी सांगायला उभं केलंय. त्या जेवताना सांगीन. गच्चीवर पत्र्याची शेड आणि तिच्याखाली अग्निरोधक प्लायवुड मारून हॉल करायचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत येतोय, त्याबद्दल दोन शब्द बोलतो.

माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. तिथे भिंतीला भिंत लागून ओळीने घरं असतात, छपरं लाकडी. एका घराची आग शेजारी जाऊ नये म्हणून मधली भिंत छपराच्या वर काढायची पद्धत. ती पडते महाग. म्हणून तिथल्या बांधकाम नियमांनी सवलत दिली: भिंतीच्या दोन्ही अंगांना चार-चार फूट छपराला अग्निरोधक प्लायवुड घाला. 1980च्या दशकात अमेरिकेच्या पूर्व भागात अशी घरं भराभर उठली.

थोड्याच वर्षांत हे प्लायवुड तांबूस-काळं पडलं. इतकं ठिसूळ, की छपरावर चढलेल्या कामगाराचा पाय आरपार जायचा. आणि आग कुठेच लागलेली नव्हती बरं का!

दोष औषधात होता. त्यात फॉस्फेटचे क्षार असत. आगीत ते तापले की आम्ल सुटतं आणि लाकूड भडकण्याऐवजी त्याचा कोळसा होतो. युक्ती उत्तम. पण उन्हात छपराचं तापमान 65-70 अंशांवर जातं. काही मिश्रणांमध्ये तेवढ्यावरच तीच क्रिया हळूहळू सुरू झाली. प्रमाणपत्र खोटं नव्हतं हो. आगीची परीक्षा माल पास झाला होता, उन्हाची कुणी घेतलीच नव्हती. पुढे 77 अंशांत कित्येक आठवडे ठेवून ताकद मोजायची चाचणी आली, औषधंही सुधारली. तोवर छपरं उचकटून झाली होती, कोर्टकचेऱ्याही.

आता आपली गच्ची. मे महिन्यात दुपारी तिथे अनवाणी उभं राहून बघा, मग पत्र्याखाली काय होईल ते सांगा. आपल्या कोटेशनमध्ये ‘आयएस 5509’ लिहिलंय. ते अग्निरोधक प्लायवुडचं मानक, हवंच. पण चाळीस वर्षं कर्जाचे कागद तपासलेला माणूस मी, मला आणखी एक ओळ हवी. औषध कोणतं, आणि छपराच्या उष्णतेत प्लायवुडची ताकद किती टिकते, हे विक्रेत्याने लेखी द्यावं. ‘काका, काही होत नाही’ हे लेखी नव्हे. देत नसेल तर सिमेंट बोर्डाचा भाव मागवू, आणि पत्र्याखाली हवा खेळती ठेवू.

कोटेशनची प्रत माझ्याकडे आहे. जेवणानंतर ज्यांना बघायची त्यांनी मागून घ्यावी, चष्मा आपापला आणावा.