दुसरी खेळी

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्को गाण्यांच्या तबकड्या स्फोटानं उडवल्या गेल्या. त्यांत कृष्णवर्णीय गायकांची गाणी कितीतरी! मला हे आजही माफ करवत नाही. जमाव मैदानात घुसला; यजमानांना दुसरा सामना सोडून द्यावा लागला. या खेळाची जाहिरात सांभाळणारा माइक वीक संघमालकाचाच मुलगा. पुढं कित्येक वर्षं बेसबॉलनं त्याला दारात उभं केलं नाही. १९९३ मध्ये तो सेंट पॉल सेंट्स या छोट्या लीगमधल्या संघाचा कारभारी झाला. १९९७ मध्ये याच संघानं आयला बॉर्डर्स या तरुणीला पुरुषांच्या सामन्यात उतरवलं. तिचा चेंडू पहिल्याच फलंदाजाला लागला. दुसऱ्या दिवशी चेंडू पुन्हा तिच्या हाती होता.